जहाज वाटेत आहे

३० डिसेंबर २०२४, सोमवार

दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स यांचा ‘नोस्फेराटू’ हा भयपट अमेरिकेत नाताळच्या दिवशी प्रदर्शित झाला. आपल्याकडे तो १० जानेवारीला लागेल असे जाहीर झाले आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो पहिल्याच रात्री पाहिला आणि चित्रपटगृहाच्या बाहेर पडता पडता मला निरोप धाडला, “मावशी, थोडंसं सांगू का?” एक अक्षरही कळवायचे नाही, आवडला की नाही तेसुद्धा नाही, असे मी त्याला तत्काळ बजावले. त्यावर त्याने नुसता एक हसरा चेहरा पाठवला आणि तेव्हापासून त्या हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ लावण्यात माझा बराच वेळ जातो आहे.

भयपटाचे वेगळेपण मला इथेच जाणवते. विनोदी चित्रपट किंवा प्रेमकथा पडद्यावर उजेड पडला की सुरू होते. भयपट मात्र त्याची पहिली झलक पाहिली त्या रात्रीपासूनच मनात चालू झालेला असतो, आणि त्याचा पुष्कळसा भाग दिग्दर्शकाच्या मदतीवाचून प्रेक्षकानेच रचलेला असतो. त्यामुळे या चित्रपटांची जाहिरात करणारी मंडळी काय दाखवतात यापेक्षा काय झाकतात याकडे मी अधिक बारकाईने पाहते. गेल्या जुलैत आलेल्या ‘लाँगलेग्ज’च्या वेळी निकोलस केज यांचा चेहरा त्यांनी एकाही जाहिरातीत धड दिसू दिला नाही, उलट नायिकेचे काम करणाऱ्या माइका मनरो यांनी त्यांना त्या वेषात प्रथम पाहिले तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १७० पर्यंत गेले, असे ऐकवणारी एक छोटी फीत त्यांनी प्रसृत केली. १ कोटी डॉलरपेक्षाही कमी खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात १० कोटी डॉलरच्या पुढे मजल मारली. माझे मत विचाराल तर तो चेहरा पुरता दिसल्यानंतर चित्रपट उतरणीला लागला. आधीचे महिनाभराचे कुतूहल हाच त्यातला सर्वांत सरस भाग होता.

‘नोस्फेराटू’च्या झलकींतही काउंट ऑरलॉक या रक्तपिपासू पिशाच्चाचा चेहरा असाच झाकलेला आहे. सावली दिसते, खिडकीच्या पडद्यावर उमटलेला हात दिसतो आणि तो येतो आहे असे सांगणारे भेदरलेले आवाज ऐकू येतात. बिल स्कार्सगार्ड यांनी या भूमिकेसाठी एका ऑपेरा गायिकेकडे शिकून आपला आवाज पुष्कळ खाली उतरवला, एवढे वाचनात आले आणि मी तिथेच थांबले. विलेम डफो यातही आहेत, हा एक गमतीचा योग. २००० साली आलेल्या एका चित्रपटात त्यांनी १९२२ च्या मूळ ‘नोस्फेराटू’त ऑरलॉक झालेले नट माक्स श्रेक यांची भूमिका केली होती आणि तिथे हा नट खरोखरच रक्तपिपासू आहे अशी कल्पना होती. आता तेच डफो त्या पिशाच्चाच्या मागावर निघालेल्या प्राध्यापकाचे काम करीत आहेत.

येत्या वर्षात आणखी काय काय आहे हे आज सवडीने पाहिले. मन गुंतले ते २० जूनला येणाऱ्या ‘२८ इयर्स लेटर’मध्ये. डॅनी बॉयल आणि ॲलेक्स गार्लंड या जोडीने २००२ साली याच्या आधीच्या ‘२८ डेज लेटर’साठी साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर पहाटेचे निर्मनुष्य लंडन चित्रित केले होते. माणसांच्या मागे लागणाऱ्या पडद्यावरच्या मृतवत जिवांना धावायला त्यांनीच शिकवले, असे मला वाटते. नव्या चित्रपटाची झलक १० डिसेंबरला आली आणि ती मी इतक्यांदा पाहिली आहे की घरात आता तिच्यावर बंदी आहे. तिच्यात कथानक जवळजवळ सांगितलेलेच नाही. ऐकू येते ती रड्यर्ड किपलिंग यांची बोअर युद्धातील पायदळाच्या चालीवरची ‘बूट्स’ ही कविता, टेलर होम्स या नटाने १९१५ साली ध्वनिमुद्रित केलेली. सुरुवातीला कवायतीसारखा संथ वाटणारा तो आवाज चढत चढत वेड लागल्यासारखा होतो, आणि शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या खरखरीत मुद्रणापुढे आजचे सारे ढणढणते पार्श्वसंगीत फिके पडते. किपलिंग यांचा जन्म आजच्याच तारखेचा, ३० डिसेंबर १८६५ चा, आणि तोही मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. साम्राज्याची तुतारी फुंकणारा हा कवी साम्राज्य मोडून पडलेल्या इंग्लंडच्या भयकथेला आवाज देतो आहे, ही निवड ज्याला सुचली त्याचे मला कौतुक वाटते.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. मे महिन्यात ‘फायनल डेस्टिनेशन’ १४ वर्षांनी परत येतो आहे; त्यातील मृत्यूच्या करामती मी मजेने पाहीन, पण त्यासाठी झोप उडणार नाही. सप्टेंबरात ‘कॉन्ज्युरिंग’ मालिकेतला, भुताखेतांचा छडा लावणाऱ्या वॉरन दांपत्याचा नवा चित्रपट आहे. आपल्याकडे त्याला तोबा गर्दी होईल, आणि दाराच्या करकरण्यावर उभा असलेला हा संसार आता किती दिवस ओढणार असे मला वाटत राहील. गिलेर्मो देल तोरो यांनी कित्येक वर्षे मनात बाळगलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ येतो आहे तो नेटफ्लिक्सवर, आणि याचे मला दुःखच आहे. ज्या भीतीला बोटाच्या एका दाबाने थांबवता येते आणि चहा टाकून येऊन पुन्हा चालू करता येते, ती भीती कसली?

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

काल रात्री फ्रीडरिख विल्हेल्म मुर्नाऊ यांचा १९२२ चा मूळ ‘नोस्फेराटू’ पुन्हा पाहिला. नव्या चित्रपटाला सामोरे जाण्यापूर्वी जुना ताजा असावा एवढाच हेतू होता. परंतु पाहून झाल्यावर झोप लागली नाही, आणि त्याचे कारण ऑरलॉक नव्हता.

हा चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळतो हेच नवल आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे हक्क न घेता, नावे आणि गावे बदलून तो बनवलेला होता. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. निर्मिती करणारी प्राना ही संस्था तोपर्यंत दिवाळखोरीत निघाली होती आणि हा तिचा एकमेव चित्रपट ठरला. १९२५ साली न्यायालयाने साऱ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, तरी काही प्रती परदेशी गेलेल्या असल्याने वाचल्या. सूर्यप्रकाशाने पिशाच्चाचा नाश होतो हा जो नियम आज कुठलेही शाळकरी पोर सांगेल, तो स्टोकर यांचा नाही. त्यांचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. तो नियम या बेकायदा चित्रपटाने घालून दिला.

आणखी एक गोष्ट याच चित्रपटाने कथेच्या केंद्रस्थानी आणली, आणि काल रात्री मला छळले ते तिने. इथे पिशाच्च एकटे येत नाही. ते जहाजातून येते, मातीने भरलेल्या पेट्यांमधून, आणि त्या पेट्यांमध्ये उंदीर आहेत. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात, कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो, आणि एके रात्री ते माणूस नसलेले जहाज वाऱ्याच्या जोरावर निःशब्दपणे बंदरात शिरते. मग नगरात दवंडी पिटली जाते, दारांवर खडूच्या खुणा होतात, अरुंद गल्लीतून शवपेट्यांची रांग निघते. वेर्नर हेर्झोग यांनी १९७९ मध्ये हीच कथा पुन्हा सांगितली तेव्हा चौकात हजारो उंदीर सोडले आणि त्यांच्या गराड्यात टेबले मांडून अखेरचे जेवण जेवणारी माणसे दाखवली. मुर्नाऊ यांच्या प्रेक्षकांनी महायुद्ध आणि त्यापाठोपाठ १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ नुकतीच सोसलेली होती. त्यांना त्या खडूच्या खुणा समजावून सांगाव्या लागल्या नसतील.

पुण्यात राहणाऱ्या माणसालाही त्या समजावून सांगाव्या लागू नयेत. ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती मे १८९७ मध्ये. त्याच्या आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला होता. रोग हाँगकाँगहून, बोटीने, उंदरांबरोबर आला असे मानले जाते. १८९७ उजाडले तेव्हा तो पुण्यात पोहोचलेला होता. १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करीत होते, माणसांना छावण्यांत हलवले जात होते, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. म्हणजे लंडनचा वाचक जहाजातून येणाऱ्या मृत्यूची कल्पित गोष्ट शेकोटीशी बसून वाचत होता त्या उन्हाळ्यात आपल्या या शहरात ती गोष्ट घडत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा वेडेपणा मी करणार नाही, परंतु काल पडद्यावर ते जहाज बंदराला लागले तेव्हा मला जर्मनीतले नगर दिसेना, कसबा पेठ दिसू लागली.

माझी आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेले सांगत असे. त्या सांगण्यात सोजीर कमी आणि उंदीरच जास्त असत. आळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या घरी उंदीर पडला अशी बातमी आली की बायका आपापल्या माळ्यावर, चुलीमागे, धान्याच्या कणग्यांखाली हात घालून पाहत. सापडला नाही तर त्या दिवसापुरते हायसे वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सापडला की मात्र काही विचार करायचा नसे, घराला कुलूप लावून शेतातल्या झोपडीत राहायला जायचे. आजीच्या सासूबाई म्हणत, “पडला तेव्हा बरंच वाटलं गं, रोज शोधायचं तरी संपलं.” लहानपणी हे वाक्य मला विचित्र वाटे. भयकथा ऐकण्याची गोडी मला ज्या आजीने लावली तिने हडळी, मुंजे, वेताळ यांच्याही पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्यांतली एकही या एका वाक्याच्या जवळ पोहोचत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये, १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला तेव्हा, आपण सर्वांनी हे थोडेफार अनुभवलेले आहे. नकाशावरचे ठिपके प्रथम दुसऱ्या खंडात होते, मग दुसऱ्या राज्यात, मग दुसऱ्या वॉर्डात. सोसायटीत पहिला रोगी सापडण्यापूर्वीचे दिवस नंतरच्या दिवसांपेक्षा मला अधिक भयाण वाटले होते. तेव्हा वाटते की मुर्नाऊ यांनी जे जाणले ते भयपटातले खरे मर्म आहे. किल्ल्यातला ऑरलॉक भीतिदायक आहेच, नगरात पोहोचलेला ऑरलॉकही आहे, पण सर्वांत भीतिदायक आहे तो समुद्रावरचा, अजून न पोहोचलेला. किनाऱ्यावरच्या वाळूत, क्रूसांच्या मधोमध बसून समुद्राकडे पाहणारी नायिका नवऱ्याची वाट पाहते आहे की त्याची, हे मुर्नाऊ शेवटपर्यंत स्पष्ट करीत नाहीत. एगर्स यांनी या प्रसंगाचे काय केले असेल, हा माझ्या उत्सुकतेचा गाभा आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

शेजारच्या मुलीने आज विचारले, “काकू, एवढं परदेशी भुतांचं काय घेऊन बसलात? आपल्याकडची कमी आहेत का?” ती महाविद्यालयात आहे, ‘मुंज्या’ तिने मैत्रिणींबरोबर पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडच्यांचीही मी वाट पाहते आहे. ‘तुंबाड’ गेल्या १३ सप्टेंबरला पुन्हा प्रदर्शित झाला आणि २०१८ च्या पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला, हे गेल्या वर्षातले सर्वांत आनंददायक वृत्त म्हणावे लागेल. अनेक पावसाळे खर्ची घालून चित्रित केलेला तो काळपट, ओला कोकण पाहायला लोक सहा वर्षांनी तिकीट काढून गेले. त्याच वेळी दुसऱ्या भागाचीही घोषणा झाली. मूळ दिग्दर्शक राही अनिल बर्वे त्यात नसतील, असेही त्यापाठोपाठ कळले आणि माझी उत्सुकता निम्म्यावर आली. ‘तुंबाड’मधला सोन्याचा राखणदार राक्षस हस्तर लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या लाल रंगामुळे नव्हे. त्या विवरात दोर सोडून उतरण्यापूर्वी पीठ मळावे लागते, त्या बाहुल्या कराव्या लागतात, आणि तोपर्यंत आपण श्वास धरून बसतो म्हणून. ही सबुरी ज्याच्याकडे आहे तो माणूसच नसेल तर नुसत्या सुवर्णमुद्रांचे काय करायचे? विशाल फुरिया यांच्या ‘छोरी’चा दुसरा भागही येणार आहे. त्यांच्या मूळ मराठी ‘लपाछपी’तल्या उसाची मला अजून धास्ती वाटते, सासवडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस लागला की मी गाडीची काच वर घेते.

पण मुलीला मी जे सांगितले ते वेगळे. रक्त पिणारे हे पिशाच्च आता तितकेसे परदेशीही राहिलेले नाही. स्टोकर यांच्या ड्रॅक्युलाला स्टीफन किंग यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा गावात आणून सोडले, आणि त्या ‘सालेम्स लॉट’च्या आधारावर नारायण धारप यांनी ‘लुचाई’ लिहिली. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ड्रॅक्युलाचे नाव ऐकण्याआधी ‘लुचाई’ वाचनालयातून आणून पांघरुणात वाचलेली आहे. धारप यांचे सामर्थ्य हे की, गावात काहीतरी आले आहे एवढी एक शंका ते पन्नास पाने पुरवतात. कोणी एक मूल दिसेनासे होते, कुणाचा कुत्रा मरतो, एखाद्या बंद वाड्याला भाडेकरू मिळतो. बाकी सारे सुरळीत. ‘तुंबाड’मागेही धारप यांच्याच कथेचे बीज आहे, आणि बर्वे यांनी त्यांच्याकडून घेण्यासारखे नेमके घेतले आहे. मुलीने ‘लुचाई’ मागून नेली. परत मिळेल अशी आशा आहे.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

उद्याची तिकिटे काढली. वाटले होते त्याहून जड गेले, कारण उद्याच ‘गेम चेंजर’ आणि ‘फतेह’ही लागत आहेत आणि बहुतेक पडदे त्यांनी व्यापले आहेत; आमच्या बाजूला ‘नोस्फेराटू’च्या वाट्याला सकाळचा एक आणि रात्री उशिराचा एक, एवढेच खेळ आले. रात्रीचा घेतला. घरातून सोबतीला कोणी तयार नाही, म्हणून शेजारची मुलगी येते आहे. तिच्या आईची परवानगी मी मिळवली.

आपल्याकडे असे चित्रपट पाहताना काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात, आणि त्यांचीही एक पूर्वतयारी असते. १३२ मिनिटांच्या या चित्रपटात एगर्स यांनी मध्यंतर ठेवलेले नाही, आपल्याकडे ते मध्यावर कुठेतरी वाक्य तोडून येईल आणि दिवे लागून मक्याच्या लाह्यांचा वास सुटेल. ते नेमके जहाजाच्या प्रसंगात येऊ नये, एवढीच प्रार्थना. डफो यांच्या हातात चिरूट किंवा पाइप असणारच. म्हणजे पडद्यावर एक मृत सरदार एका तरुणाच्या छातीतून रक्त पीत असताना कोपऱ्यात धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना झळकण्याची शक्यता नाकारता येत नाही. परीक्षण मंडळाची कात्री कुठे फिरली असेल ते उद्या कळेल. जारिन ब्लाश्के यांचे छायाचित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवरचे आणि पुष्कळसे ज्योतींच्या उजेडातले आहे असे वाचले असल्याने मला दिव्याची अधिक काळजी आहे. आमच्याकडच्या काही पडद्यांवर प्रक्षेपकाचा उजेड इतका मंद असतो की अंधारातले प्रसंग नुसते ऐकावे लागतात.

जुने संदर्भ चाळताना आणखी एक तारीख समोर आली. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. उंदीर आणि प्लेग घेऊन येणाऱ्या सरदाराचा चित्रपट मुंबई-पुण्यात नेमका त्याच तारखेला लागतो आहे. वितरकांना याचा पत्ता असण्याचे काहीच कारण नाही, पण मला ही तारीख आठवल्यावाचून उद्या चित्रपट पाहता येणार नाही.

भाच्याने आज पुन्हा निरोप धाडला. पहिल्या पाच दिवसांत अमेरिकेत चित्रपटाने ४ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली, एवढे सांगण्याची त्याने परवानगी मागितली आणि ती मी दिली. मग त्याने विचारले, “चेहऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगू?” ती परवानगी दिली नाही. वास्तविक ऑरलॉकचा चेहरा १९२२ पासून साऱ्या जगाला ठाऊक आहे; टकले डोके, उंदरासारखे पुढचे दात, टोकदार कान. एगर्स यांनी तो बदलला असणार, अन्यथा इतका झाकून ठेवला नसता, आणि बदललेला चेहरा मला आवडेल किंवा नाही, दोन्ही शक्य आहे. ‘लाँगलेग्ज’च्या वेळी झाला तसा विरस झाला तर तो मी सोसीन. एगर्स यांच्या ‘द विच’मध्ये जंगलातले ते काय आहे हे अगदी लवकर दाखवून टाकले होते आणि तरीही भीती ओसरली नव्हती, हे लक्षात असल्याने थोडा धीरही आहे.

मी पाहणार आहे ते जहाज. त्यांनी त्याला किती वेळ दिला आहे, खलाशी एकेक करून जातात की एका झटक्यात, आणि ते बंदराला लागण्याआधी नगरातली रोजची कामे चाललेली आपल्याला दिसतात की नाही, एवढ्यावर माझा निकाल ठरेल. तिथे घाई केली असेल, तर बाकीचा चित्रपट कितीही देखणा असला तरी माझ्या लेखी तो अर्धाच जमलेला असेल, आणि मग मी २० जूनकडे डोळे लावीन.